स्वस्त कन्सोल घेण्याआधी कागदावर काय मांडायचं

दिवाळीच्या तोंडावर दूध संस्थेचा रिबेट हातात पडतो, गळीत हंगाम सुरू झाला की उसाचे पैसे खात्यावर यायला लागतात, आणि नेमक्या याच दिवसांत घरातल्या पोरांच्या फोनवर जाहिराती वाढतात. राउटर मोफत. फोन दोन हजारांत, बाकी हप्त्याने. पन्नास हजारांचा गेमचा कन्सोल महिन्याला अमुक रुपयांत. पुण्याला किंवा नाशिकला शिकायला, नोकरीला असलेला मुलगा सुटीत अकोल्याला येतो आणि म्हणतो, "एकदम काही भरायचं नाही, महिन्याला एवढेच जातील." आईवडिलांना त्या वस्तूची फारशी माहिती नसते. त्यांच्या कानावर फक्त महिन्याचा आकडा पडतो, आणि तो ऐकायला बरा वाटेल असाच ठरवलेला असतो.

कन्सोल घ्यावा की घेऊ नये, हे ज्याचं त्याने ठरवावं. खेळ ही चैन आहे म्हणून वाईट, असं मला वाटत नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाने रविवारी दोन तास क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा गेम खेळला तर त्यात काही बिघडत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वर्गणीला बांधलेली वस्तू घेताना "कितीला पडली?" एवढं विचारून भागत नाही. "मधेच पैसे भरायचं थांबवलं तर माझ्याकडे काय उरेल?" हे आधी विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर दुकानदाराच्या तोंडून नको, कागदावर हवं.

कंपन्या यंत्र स्वस्त का देतात ते कळलं की पुढचं सोपं जातं. २००६ साली सोनीचं प्लेस्टेशन ३ बाजारात आलं, तेव्हा आयसप्लाय या बाजार-संशोधन संस्थेने ते उघडून आतल्या भागांची किंमत काढली. ४९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या यंत्राला बनवायचाच खर्च त्यांच्या अंदाजाने ८०५ डॉलर होता. मे २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्ष लोरी राइट यांनी साक्ष दिली की, एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही. हा खड्डा नंतर भरून निघतो. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या गेमच्या किमतीतले साधारण तीस टक्के कंपनीकडे राहतात. शिवाय इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर वर्गणी वेगळी. मायक्रोसॉफ्टने ही वर्गणी नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू केली, सोनीने २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणताना ऑनलाइन खेळासाठी ती आवश्यक केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये निन्टेन्डोही त्याच वाटेने गेली.

आपल्या अकोले तालुक्याला हे गणित पिकांतून चांगलं ठाऊक आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाण जपण्याच्या कामासाठी. देशी बियाणं घरच्या कणगीत ठेवता येतं. हायब्रीड पेरलं की पुढच्या हंगामाला पिशवी पुन्हा विकत आणावी लागते. हायब्रीड घेणारा शेतकरी अडाणी नसतो. उत्पन्न किती निघेल आणि दरवर्षी बियाण्याला किती जाईल, याचा मेळ त्याने पेरणीआधीच घातलेला असतो. कन्सोलच्या बाबतीत मात्र तोच माणूस फक्त पहिल्या पिशवीची किंमत विचारून मोकळा होतो.

आता दोन प्रत्यक्ष उदाहरणं पाहू. दोन्ही अमेरिकेतली आहेत, कारण यंत्र आणि वर्गणी एकाच करारात बांधण्याचा प्रयोग तिथे उघडपणे झाला. मे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० हे यंत्र, सोबत कायनेक्ट कॅमेऱ्यासह, ९९ डॉलरला देऊ केलं. अट अशी, की दोन वर्षं दरमहा १४.९९ डॉलर वर्गणी भरायची. २४ महिन्यांचे झाले सुमारे ३६० डॉलर. त्यात सुरुवातीचे ९९ मिळवले की ४५९. तेच यंत्र दुकानात रोख घेतलं तर ३०० डॉलर, आणि तीच वर्गणी वर्षाची एकदम भरली तर ६० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे १२०. एकूण ४२०. 'स्वस्त' यंत्र सुमारे चाळीस डॉलरने महाग पडलं. करार मधेच मोडला तर अडीचशे डॉलरपर्यंत दंड होता, तो निराळाच.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सीरिज एस हे यंत्र गेम पास अल्टिमेट या वर्गणीसह दरमहा २४.९९ डॉलरला मिळू लागलं. मुदत २४ महिने, व्याज नाही. एकूण ६०० डॉलर. वेगवेगळं घेतलं असतं तर यंत्राचे ३०० आणि वर्गणीचे ३६०, म्हणजे ६६०. इथे बांधलेला व्यवहार साठ डॉलरने स्वस्त पडला. तेव्हा वर्गणीशी जोडलेली प्रत्येक योजना फसवीच असते, असं समजायचं कारण नाही. पण बारकाईने पाहा: ही बचत त्याचीच झाली, जो ती वर्गणी तशीही घेणार होता. ज्याला भावाशेजारी बसून घरच्या टीव्हीवर खेळायचं होतं आणि ऑनलाइनशी काही देणंघेणं नव्हतं, त्याने तीनशेच्या यंत्रासाठी सहाशे मोजले.

करार संपल्यानंतर वर्गणी कुठे जाते, तेही बघायला हवं. त्याच गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला दर १४.९९ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने वाढत ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ डॉलर झाला. सोनीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन प्लसची वर्षाची वर्गणी वाढवली. तिथल्या मूळ पातळीचा दर ६० वरून ८० डॉलर झाला. यंत्राची किंमत एकदा देऊन संपते. वर्गणीची उद्याची किंमत मात्र कंपनीच्या हातात असते, म्हणून आजच्या दराने पाच वर्षांचा हिशेब धरू नका.

आपल्याकडे ही पद्धत कन्सोलने आणली नाही, फोनने आणली. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपये भरून मोबाइल हातात दिला होता. बाकीचे पैसे पुढे महिन्याच्या बिलांतून जायचे. मग २१ जुलै २०१७ रोजी जिओफोन जाहीर झाला. किंमत शून्य, फक्त १,५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी फोन परत केला की डिपॉझिट परत. पुढे सविस्तर अटी आल्या तेव्हा कळलं की वर्षाला किमान १,५०० रुपयांचं रिचार्ज करावं लागेल, म्हणजे तीन वर्षांत ४,५००. पहिल्या वर्षात फोन परत केला तर डिपॉझिटमधलं काहीच मिळणार नव्हतं. आणि फोन चालणार त्याच एका कंपनीच्या नेटवर्कवर.

तरीही माझं मत असं आहे की पुष्कळ घरांसाठी तो व्यवहार वाईट नव्हता. फोनवर बोलायला रिचार्ज तर करायचंच होतं, आणि महिना सव्वाशे रुपये हा भार मोठा नव्हता. पण ज्या वाडीवर त्या कंपनीची रेंजच नव्हती, तिथल्या माणसाला तो फोन कोणत्याही किमतीला महागच. एकच योजना राजूरच्या बाजारपेठेत फायद्याची आणि डोंगरापलीकडच्या गावात तोट्याची असू शकते. जाहिरात मात्र दोन्हीकडे एकच असते.

जिओफोन नेक्स्टचं उदाहरण रुपयांत करून पाहण्यासारखं आहे. २०२१ च्या दिवाळीत हा फोन आला. रोख किंमत ६,४९९. हप्त्याने घ्यायचा तर सुरुवातीला १,९९९ अधिक प्रक्रिया शुल्क ५०१, म्हणजे अडीच हजार. नंतर, रोज दीड जीबी डेटाच्या योजनेत, २४ महिने दरमहा ४५०. चोवीस हप्त्यांचे १०,८०० आणि आधीचे २,५०० मिळून १३,३००. आता तोच फोन रोख घेतला आणि रिचार्ज स्वतः केलं असतं तर? डिसेंबर २०२१ पासून रोज दीड जीबीचं ८४ दिवसांचं रिचार्ज ६६६ रुपयांना होतं. दोन वर्षांना ते सुमारे ५,८०० रुपये होतात. फोनचे ६,४९९ मिळवले की १२,३००. फरक हजार रुपयांचा.

हजार रुपये म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण दुकानात अडीच हजार दिल्यावर तुमच्यावर उधारी राहिली होती चार हजारांची. ती हळूहळू फिटत गेली, म्हणजे दोन वर्षांत सरासरी दोनच हजार अंगावर होते. दोन हजारांच्या उधारीवर वर्षाला पाचशे, म्हणजे जवळपास पंचवीस टक्के. पतसंस्थेतून एवढ्या दराने कर्ज काढायला आपल्यापैकी कोणी सहजी तयार होणार नाही. महिन्याच्या आकड्यात रिचार्ज आणि हप्ता एकत्र मिसळला की व्याज दिसेनासं होतं. म्हणून दोन्ही सुटे करूनच पाहायचे.

तुम्हाला कागदावर मांडायचंय ते एवढंच. सुरुवातीला जाणारे सगळे पैसे, त्यात प्रक्रिया शुल्क, बसवण्याचा खर्च, डिपॉझिट सगळं आलं. मग हप्ता गुणिले महिने. शेजारी तीच वस्तू रोख आणि तीच सेवा वेगळी घेतल्यास होणारी बेरीज. आणि तिसऱ्या ओळीत, सेवा अजिबात न घेता नुसती वस्तू घेतली तर किती. ही तिसरी ओळ कोणी मांडत नाही, आणि बहुतेक वेळा खरा निर्णय तिथेच असतो. त्याखाली लिहा: सातव्या महिन्यात भरणं थांबलं तर दंड किती, यंत्र कोणाचं, डिपॉझिटचं काय. विक्रेत्याला याचं उत्तर लेखी देता येत नसेल तर व्यवहार पुढे ढकला. दिवाळीची ऑफर गेली तर दुसरी येईल.

कन्सोलची तिसरी ओळ भरण्यासाठी काही गोष्टी माहीत हव्यात. एकट्याने खेळायचे गेम आणि एकाच टीव्हीवर दोन कंट्रोलर घेऊन खेळायचे गेम यांना वर्गणी लागत नाही. फोर्टनाइट, रॉकेट लीग यांसारखे मुळात फुकट असलेले ऑनलाइन गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय खेळता येतात. एक्सबॉक्सवरही एप्रिल २०२१ पासून ही सोय आहे. विकत घेतलेल्या क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या गेममध्ये दूरच्या मित्राशी ऑनलाइन सामना खेळायचा असेल तेव्हा वर्गणी लागते. आणि वर्गणीत 'शेकडो गेम मोफत' मिळतात, ते तुमचे नसतात. वर्गणी संपली की यंत्रात साठवलेले असूनही ते उघडत नाहीत.

डिस्क की बिनडिस्क, हा प्रश्नही याच हिशेबातला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा डिस्क घालता येणारं यंत्र ४९,९९० रुपयांना होतं आणि बिनडिस्कच्या यंत्राची जाहीर किंमत ३९,९९० रुपये होती. दहा हजार वाचले म्हणून लोक दुसरं घेतात. पण बिनडिस्क यंत्रावर प्रत्येक गेम कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून घ्यावा लागतो. सोनीच्या स्वतःच्या मोठ्या नव्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९ रुपये होती. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, जुनी अर्ध्या किमतीत घेता येते. वर्षाला तीन-चार गेम घेणाऱ्याचे ते दहा हजार दोन वर्षांत निघून जातात. माझा सल्ला विचाराल तर तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने डिस्कचंच यंत्र घ्यावं. त्याला दुसरंही एक कारण आहे, आणि ते आपल्या डोंगरांशी जोडलेलं आहे.

मोठा गेम ५० ते १०० जीबीचा असतो, आणि डिस्क नसेल तर तो सगळा नेटवरून उतरवावा लागतो. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर १०० जीबी उतरवायला पन्नास दिवस लागतील, तेही त्या काळात फोन दुसऱ्या कशालाही न वापरता. अकोले शहरात किंवा कोतूळ, राजूर अशा मोठ्या गावांत तारेचं इंटरनेट मिळत असेल तर निराळी गोष्ट. पण घाटघर, रतनवाडी, साम्रद या बाजूला पावसाळ्यात विजेचाच भरवसा नसतो, तिथे ऑनलाइन वर्गणीला बांधलेलं यंत्र घेणं म्हणजे जी सेवा मिळणार नाही तिचे पैसे भरणं. रेंज नव्हती, वीज नव्हती म्हणून कंपनी हप्ता सोडत नाही. घेण्याआधी ज्या खोलीत यंत्र ठेवणार, तिथे संध्याकाळी आठ-नऊ वाजता नेटचा वेग तपासा. दुपारचा वेग फसवा असतो.

दुसरी अडचण पैशाच्या येण्याची. पगारदाराला महिन्याचा हप्ता सोयीचा पडतो. आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, टोमॅटोचे पैसे बाजार साधला तर येतात, भाताचे वर्षातून एकदा, आणि अगस्ती कारखान्याकडून उसाचे पैसे टप्प्यांनी. ज्या घरात रोख हंगामाने येते, त्या घराने महिन्याला बांधून घेऊ नये. हंगामात पैसे बाजूला काढून वस्तू रोख घ्यावी, आणि वर्गणी हवीच असेल तर सुटीच्या एक-दोन महिन्यांपुरती घ्यावी. मूल दहावी-बारावीच्या अभ्यासात असताना चालू राहिलेली वर्गणी म्हणजे निव्वळ नुकसान. हप्ता चुकला तर त्याची नोंद सिबिलमध्ये होते, आणि पुढे ट्रॅक्टरसाठी किंवा घरासाठी बँकेत गेल्यावर तीच नोंद आडवी येते. मित्राच्या कार्डावर हप्ता बांधण्याची पद्धतही पोरांमध्ये आहे. ती पूर्ण टाळा, त्यात पैसे आणि मैत्री दोन्ही अडकतात.

'बिनव्याजी हप्ता' लिहिलेलं असेल तिथे थांबा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते व्याज कुठल्या ना कुठल्या रूपात ग्राहकाकडूनच घेतलं जातं. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्हाला मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क लागतं, किंवा क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, क्रेडिट कार्डावरची उधारी सोडून, प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. ओटीपी सांगण्याआधी ते विवरण मागून घ्या आणि तेवढा एक आकडा वाचा.

वर्गणी चालू केली त्याच दिवशी ती बंद कशी करायची हेही पाहून ठेवा. बहुतेक वर्गण्या आपोआप पुढे चालू राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यायला हवी, आणि १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय कापली जाऊ शकते. त्यामुळे ती सूचना येणारा मोबाइल नंबर कोणाकडे आहे, हे महत्त्वाचं. वडिलांच्या खात्यातून पैसे जातात आणि संदेश बंद पडलेल्या जुन्या नंबरावर येतो, असं घडत असेल तर आधी बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे हा विभाग असतो; तिथे यूपीआयवर चालू असलेल्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. महिन्यातून एकदा तो विभाग उघडून बघायची सवय आईवडिलांनीही लावून घ्यावी.

मोफत राउटर आणि सेट टॉप बॉक्स यांच्याबद्दल थोडक्यात. मोफत म्हणून दिलेलं यंत्र बहुधा कंपनीच्याच मालकीचं असतं, आणि जोडणी बंद करताना परत द्यावं लागतं. २०१९ मध्ये जिओफायबर सुरू झालं तेव्हा सुरुवातीला २,५०० रुपये घेतले जात. त्यातले १,५०० परत मिळणारं डिपॉझिट होतं आणि १,००० बसवण्याचे, परत न मिळणारे. अशी फोड कुठलीही जोडणी घेताना पावतीवर लिहून घ्या. यंत्र परत देताना त्याच्या क्रमांकासह पोच घ्या, नाहीतर ते मिळालंच नाही असं म्हणून डिपॉझिट अडवलं जाऊ शकतं. नुसता टीव्हीच बघायचा असेल तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. २००४ पासून ती चालू आहे. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतले की महिन्याचं काहीच भरावं लागत नाही.

आणि फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं, किंवा सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी शुल्क वाढवणं, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई केली आहे. पहिली तक्रार कंपनीकडे लेखी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. करारच एकतर्फी, ग्राहकाला जखडणारा असेल तर त्याविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जीएसटीचं बिल, हप्त्याचं विवरण आणि बँकेचा उतारा एवढं जवळ ठेवा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. त्यामुळे यंत्र पुण्यातून घेतलं असलं तरी अकोल्याच्या माणसाला अहिल्यानगरच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क लागत नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे.